मदत हवी आहे : वेल्ड लाइन गुजरातला चालली, ३६ जणांना बदलीपत्र, ४० जणांना "राजीनामा देऊन ग्रुप कंपनीत जा". सही करायची का?

वेल्डशॉप_चाकण

चाकण एमआयडीसीतला चारचाकीचा कारखाना आहे. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. कायम कामगार ३३८, कंत्राटी साधारण ३५०, शिवाय ॲप्रेंटिस. युनियन मान्यताप्राप्त आहे आणि पगारवाढीच्या कराराची मुदत अजून बाकी आहे. सध्याची परिस्थिती अशी :

१. वेल्ड शॉपमधल्या ३६ कायम कामगारांना कंपनीच्या गुजरातमधल्या प्लान्टला बदलीचं पत्र आलंय. सात दिवसांत हजर व्हायचं. पगाराबद्दल एकच ओळ आहे : "तेथील लागू नियमांप्रमाणे".

२. ४० जणांना रांजणगावला पाठवणार, पण ती ग्रुपमधली वेगळी कंपनी आहे. एचआरने राजीनाम्याचा छापील मसुदा आणि नवीन नेमणूकपत्र एकत्रच हातात दिलंय. नव्या पत्रात सहा महिने प्रोबेशन आहे.

३. शॉपमधल्या बाकीच्यांना "पुढच्या महिन्यापासून ले-ऑफ, अर्धा पगार" (म्हणजे नाव पटावर, पण काम तात्पुरतं बंद) असं तोंडी सांगितलंय.

४. नोटीस बोर्डावर व्हीआरएसचा (स्वेच्छानिवृत्तीचा) तक्ता लागलाय.

बदली नाकारता येते का? हजर झालो नाही तर काय होईल? रांजणगावच्या कागदावर सही केली तर जुनी सर्व्हिस जाते का? अर्धा पगार म्हणजे नेमका किती? गुजरातवाल्यांची मुदत सोमवारी संपते, त्यामुळे जाणकारांनी कृपया लवकर लिहा.

स्टँडिंग_ऑर्डर

सोमवारची मुदत आहे म्हणून आधी बदलीचं सांगतो.

तीन कागद काढा : नेमणूकपत्र, कंपनीचे प्रमाणित स्थायी आदेश (सेवाशर्तींची नियमावली) आणि चालू करार. नेमणूकपत्रात "कंपनीच्या सध्याच्या वा भविष्यातील कोणत्याही युनिटमध्ये बदली होऊ शकते" असं कलम असेल तर नुसतं "घर लांब पडतं, मुलांची शाळा आहे" एवढ्यावर कोर्ट बदली थांबवत नाही. कलम नसेल, किंवा करारात "युनियनशी चर्चा केल्याशिवाय प्लान्टबाहेर बदली नाही" असं असेल, तर बाजू भक्कम आहे.

दुसरा मुद्दा हेतूचा. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्यात, चौथ्या अनुसूचीच्या तिसऱ्या बाबीत, व्यवस्थापनाच्या धोरणाचं नाव पुढे करून वाईट हेतूने केलेली बदली ही अनुचित प्रथा ठरवली आहे. करार न पाळणं नवव्या बाबीत येतं. तक्रार औद्योगिक न्यायालयात करायची. घटनेपासून ९० दिवसांची मुदत आहे, पण तिच्या भरवशावर राहू नका. कंपनीने एकदा कार्यमुक्त केलं की स्थगिती मिळणं फार अवघड जातं. अंतरिम स्थगितीचा अर्ज सोमवारच्या आत पडला पाहिजे.

हेतू कशाने दिसतो? ३६ जणांची यादी घ्या आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहा : सेवाज्येष्ठता, ट्रेड, युनियन कमिटीत आहे का, गेल्या दोन वर्षांत व्यवस्थापनाविरुद्ध साक्ष किंवा तक्रार दिली आहे का. कनिष्ठ वेल्डर इथेच आणि कमिटी मेंबर गुजरातला असं चित्र निघालं, तर तो तक्ता तक्रारीला जोडा. वकिलाच्या दहा परिच्छेदांपेक्षा त्याचं वजन जास्त असतं.

आणि कृपया घरी बसून राहू नका. हजर न झाल्यास विनापरवाना गैरहजेरी, मग चार्जशीट, चौकशी आणि बडतर्फी असाच क्रम असतो. मग भांडण बदलीचं न राहता गैरहजेरीचं होतं आणि बाजू उलटते. स्थगिती मिळाली नाही तर हक्क राखून हजर व्हा आणि केस चालू ठेवा.

पिंपरीकर_७७

वरच्याशी सहमत. पत्र आजच द्या, प्रत्येकाने स्वतंत्र. मजकूर असा चालेल :

"आपले दि. … चे बदलीपत्र मिळाले. सदर बदली माझ्या सेवाशर्ती व चालू करार यांच्याशी विसंगत असून ती मला मान्य नाही. गुजरात येथील मूळ वेतन, महागाई भत्ता, इतर भत्ते, सेवासातत्य, ज्येष्ठता, निवास व प्रवासखर्च यांबाबत लेखी खुलासा मिळावा. खुलासा मिळेपर्यंत सध्याच्या जागी काम करण्यास मी तयार व हजर आहे. माझे सर्व कायदेशीर हक्क राखून हे पत्र देत आहे."

शेवटून दुसरं वाक्य गाळू नका. "कामाला तयार व हजर" हे लेखी असलं की काम सोडून गेल्याचा आरोप टिकत नाही. एचआरने पोच दिली नाही तर स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा. गेटवर आत सोडलं नाही तर त्या दिवशीच तारीख-वेळ घालून कामगार उपायुक्तांना कळवा.

कायदा_कट्टा

मूळ पोस्टमधले आकडे कोणी एकत्र मांडलेले दिसत नाहीत. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची मेख तिथे आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. ले-ऑफ, कपात (कामगार कायमचे कमी करणं) किंवा कारखाना बंद करणं यांसाठी सरकारची पूर्वपरवानगी आता ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाच लागते. आधी हा आकडा १०० होता. मोजणी मागच्या बारा महिन्यांच्या रोजच्या सरासरीवर होते.

तुमचे कायम ३३८. ३६ गुजरातला, ४० रांजणगावला गेले की उरतात २६२. आता सरासरी काढा. सहा महिने ३३८ आणि सहा महिने २६२ धरले तर बरोबर ३०० येते. सातव्या महिन्यात ती २९४ च्या खाली जाते. व्हीआरएसमध्ये आणखी वीस-पंचवीस गेले तर त्याच्याही आधी. म्हणजे आज परवानगीशिवाय ज्याला हात लावता येत नाही ती कपात अर्ध्या वर्षानंतर नुसत्या नोटिशीवर आणि भरपाईवर करता येईल. म्हणून ७६ जणांचा प्रश्न हा मागे राहणाऱ्या २६२ जणांचाही आहे. त्यांनी "आपलं नाव नाही" म्हणून गप्प बसू नये.

कंत्राटी कामगार या ३०० मध्ये धरायचे की नाही यावर कंपनी वाद घालेलच. ॲप्रेंटिस धरले जात नाहीत. कारखान्याच्या परवान्यावरची कामगारसंख्या आणि वार्षिक विवरणपत्रं औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे असतात. माहिती अधिकारात आजच अर्ज टाका, उत्तराला ३० दिवस धरा. बारा महिन्यांची हजेरीपत्रकं युनियनने वेगळी मागावीत.

युनियनने अजून एक करायचं. लाइन हलवल्याने एखाद्या विभागातली माणसं कमी होत असतील तर तो सेवाशर्तीतला बदल ठरू शकतो आणि त्याला २१ दिवसांची नोटीस लागते. ती दिली नसेल तर समेट अधिकाऱ्याकडे (कंपनी-कामगार वादात तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) वाद लगेच दाखल करा. समेटाची कार्यवाही चालू असताना वादाशी संबंधित सेवाशर्ती कामगारांच्या नुकसानीच्या बाजूने बदलता येत नाहीत.

रागाच्या भरात लाइन थांबवू नका. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते. निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी कॅज्युअल रजा टाकली तर तोही संपच धरला जातो.

पगारपत्रक

ले-ऑफचं "अर्धा पगार" हे अर्धसत्य आहे. कायद्यातली भरपाई मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या ५० टक्के असते, हातात पडणाऱ्या पगाराच्या नाही. उदाहरण म्हणून एकूण पगार ४२,००० धरा. त्यात मूळ ९,८०० आणि महागाई ८,२००, बेरीज १८,०००. भरपाई येते ९,०००. घरभाडं, कॅन्टीन, शिफ्ट अलाउन्स, प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह यातलं काही धरलं जात नाही. "अर्धा पगार" म्हणून लोक २१,००० गृहीत धरतात आणि गृहकर्जाचा हप्ता थकतो.

पण तुमच्याकडे सध्या ३३८ आहेत. वीजटंचाई किंवा नैसर्गिक आपत्तीसारखं कारण नसेल तर परवानगीशिवायचा ले-ऑफ बेकायदा ठरतो आणि पूर्ण पगार द्यावा लागतो. अर्ज गेलाय का हे कामगार आयुक्त कार्यालयात विचारा आणि लेखी हरकत नोंदवा. अर्जावर ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं धरलं जातं. हे ६० दिवस कोणी मोजत नाही आणि तिथेच घात होतो.

ले-ऑफ खरंच लागला तर दोन गोष्टी पाळा. रोज एकदा कामाच्या वेळेत गेटवर जाऊन हजेरी नोंदवायची, नाहीतर त्या दिवसाची भरपाई जाते. दुसरं, मालकाने आठ किलोमीटरच्या आत स्वतःच्याच दुसऱ्या कारखान्यात साजेसं काम दिलं आणि ते नाकारलं तरीही भरपाई जाते. रांजणगाव चाकणपासून कितीतरी लांब, वर कंपनीही वेगळी. त्यामुळे रांजणगावला नाही म्हटलं म्हणून ले-ऑफची भरपाई बुडत नाही.

"ब्लॉक क्लोजर" (काही दिवस प्लान्ट पूर्ण बंद) हा शब्द वापरला तर करारातलं कलम बघा. त्यात बऱ्याचदा तुमच्याच रजा वळत्या होतात.

वेल्डशॉप_चाकण

फार मोलाची माहिती, सगळ्यांचे आभार. यादीचा तक्ता करायला घेतलाय. रांजणगावच्या ४० जणांबद्दल कोणी सांगेल का? त्यांना एचआरने "सही केली नाही तर उद्यापासून काम नाही" असं सांगितलंय. त्यातले काही जण दहा-बारा वर्षांचे जुने आहेत.

स्टँडिंग_ऑर्डर

राजीनाम्यावर सही करू नका. मालक बदलत असेल तर कामगाराची संमती लागते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये जेएनयूच्या जवाटकर प्रकरणात हे स्पष्ट केलंय. आणि राजीनामा दिला की कायद्याच्या भाषेत तुम्ही स्वतः नोकरी सोडली. कपात केलेल्या कामगाराला मिळणारी नोटीस, भरपाई आणि पुन्हा भरतीतला अग्रहक्क या तिन्ही गोष्टी त्यात जातात.

ज्यांना जायचंच आहे त्यांनी राजीनाम्याऐवजी त्रिपक्षीय पत्र मागावं : जुनी कंपनी, नवी कंपनी, कामगार. त्यात मूळ रुजू तारीख कायम, सेवा अखंड, प्रोबेशन नाही, सध्याच्या मूळ-महागाईला संरक्षण, ग्रॅच्युइटीची जबाबदारी नव्या कंपनीने पहिल्या दिवसापासून घेतली, आणि ती लाइन दोन-तीन वर्षांत बंद पडली तर परत घेण्याचं कलम. पदनाम नीट वाचा. "असोसिएट"चं "टीम लीडर" करून पर्यवेक्षक दाखवलं आणि पगार १८,००० च्या वर असला, तर "कामगार" या व्याख्येतूनच बाहेर काढायचा प्रयत्न होतो. प्रत्यक्षात हाताने काम करत असाल तर पदनाम टिकत नाही, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

पगारपत्रक

पैशाची बाजू. बारा वर्षं सेवा, वरचाच ४२,००० चा पगार. नव्या कामगार संहितांतल्या वेतनाच्या व्याख्येत वगळलेले भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील तर जादा भाग वेतनात धरतात. इथे भत्ते २४,०००, निम्मे २१,०००, म्हणून ३,००० वेतनात येऊन ते २१,००० होतं. ग्रॅच्युइटी : २१,००० × १५ ÷ २६ × १२ = १,४५,३८५. कंपनीने १८,००० वर काढली तर १,२४,६१५ येते. फरक तपासा.

व्हीआरएसच्या तक्त्यातली रक्कम ग्रॅच्युइटी धरून आहे की सोडून, हे लेखी घ्या. पतसंस्थेचं कर्ज त्यातूनच कापलं जातं. करमाफी पाच लाखांपर्यंतच आहे. कपातीच्या भरपाईचा कायद्यातला दर वर्षाला १५ दिवसांची सरासरी मजुरी एवढा आहे, सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. व्हीआरएस त्याच्याशी ताडून बघा. नोकरी सुटली की हिशोब दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा.

पीएफ काढू नका. यूएएन (पीएफचा कायम क्रमांक) तोच ठेवून वर्ग करा. जुनी सोडल्याची आणि नवी रुजू तारीख यात खंड नको. पेन्शनला दहा वर्षं लागतात. आठ-नऊ वर्षांवर असलेल्याने पेन्शनचे पैसे काढले तर ती वर्षं पुसली जातात.

तळेगाव_दाभाडे

उद्या प्लान्टच विकायची बोलणी निघाली तर सौदा कसला आहे ते पहिल्या दिवशी विचारा. फोर्डचा साणंदचा कारखाना टाटांच्या कंपनीने ७२५.७ कोटींना घेतला, जानेवारी २०२३ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. त्यात पात्र कामगारांना सामावून घेणं करारातच होतं. जनरल मोटर्सच्या तळेगावात उत्पादन डिसेंबर २०२० मध्ये थांबलं, एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांना ले-ऑफची पत्रं गेली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी झालेला करार जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा होता. माणसं त्यात नव्हती. कंपनी चालू धंदा विकते की नुसती मालमत्ता, यावर सगळं ठरतं. मालमत्तेचा कागद झाल्यावर "नव्या मालकाने घ्यावं" ही मागणी रस्त्यावर करावी लागते.

वेल्डशॉप_चाकण

एकच शेवटचं. गुजरातला हक्क राखून हजर झालो तर इथली केस चालते का? आणि इथला करार तिथे लागू राहतो का?

कायदा_कट्टा

बदलीचा आदेश चाकणमध्ये निघाला, त्यामुळे त्याविरुद्धची तक्रार पुण्यातच चालते. मात्र १९७१ चा कायदा फक्त महाराष्ट्राचा. तिथे गेल्यावर नवीन काही घडलं, समजा तिथे चार्जशीट दिली किंवा ग्रेड कमी केली, तर त्यासाठी संहितेखाली तिथल्या यंत्रणेकडे जावं लागेल. तुमच्या युनियनची मान्यताही चाकणच्या आस्थापनेपुरती आहे. करारही प्लान्टपुरता असतो, पुढची पगारवाढ तिथल्या करारावर जाईल. म्हणून "तेथील लागू नियमांप्रमाणे" ही ओळ तशीच ठेवून हजर होऊ नका. रुजू होण्याच्या अर्जावर स्वतःच्या हाताने लिहा : "विद्यमान करारानुसार वेतन व सेवाशर्ती कायम राहतील या अटीवर, हक्क राखून हजर." त्याचा मोबाइलवर फोटो काढा, मगच तो काउंटरवर द्या. स्थगितीच्या अर्जात हीच ओळ स्वतंत्र मुद्दा म्हणून मांडायला वकिलांना सांगा.