मदत हवी आहे: परवा निघायचंय आणि पिंगू मैत्रिणीकडे खातच नाहीये

उशिरा_उठणारी
परवा पहाटे निघायचंय, बुकिंग कधीचंच झालंय, आता मागे फिरणं नाही. पिंगूला मैत्रिणीकडे ठेवायचं ठरलंय, ती खुशीने तयार आहे. काल ट्रायल म्हणून चार तास ठेवला तर पठ्ठ्याने एक दाणा खाल्ला नाही, तुरा ताठ करून अंग चोरून कोपऱ्यात बसला, तिने हात पुढे केला तर बोटच फोडलं. घरी आल्याआल्या माझ्या खांद्यावर चढून कानातलं कुरतडायला लागला. काय करू? लवकर सांगा प्लीज, लेक्चर नको.

टोचणी
पिंगू म्हणजे नक्की कुठल्या जातीचा छोटा पोपट? बजी, लव्हबर्ड, कॉकटेल? किती दिवस जाताय? एकटा की जोडी?

जुना_खेळाडू
ऑटोमॅटिक फीडर घ्या, विषय संपला. आमच्या माशांना घेतलाय, एक नंबर.

टोचणी
मासे पाण्यात शी करून त्याच पाण्यात राहतात, पक्ष्याचं रोज बदलावं लागतं. फीडर बदलणार का?

उशिरा_उठणारी
तुरा म्हटलं म्हणजे कळलंच असेल ना, कॉकटेल. दोन वर्षांचा, एकटाच. नऊ दिवस. मोठा पिंजरा उचलवत नाही म्हणून छोट्या प्रवासाच्या पिंजऱ्यातून नेला होता.

टोचणी
अहो मग! घर परकं, पिंजरा परका, हातही परका. ताठ तुरा आणि चोरलेलं अंग म्हणजे भीती, पिसं फुगवून गप्प बसला असता तर आजाराची शंका घ्यायची. चार तास न खाल्ल्याने काही होत नाही, पण अख्खा दिवस गेला तर थेट पक्ष्यांचा डॉक्टर. मैत्रिणीला दोन गोष्टी शिकवा. एक, दाणे खाल्ले तरी टरफलं वाटीतच राहतात आणि वाटी भरलेली दिसते, तेव्हा रोज फुंकर मारून बघायचं. दोन, किचनच्या काट्यावर सकाळी वजन. कॉकटेल साधारण 80 ते 100 ग्रॅम भरतो, आजच्या वजनात दहा टक्के घट दिसली की फोन.

सात्विक_संताप
दाणे देताच कशाला? पेलेटवर, म्हणजे पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्यांवर आणा, दाण्यांनी लिव्हर खराब होतं.

टोचणी
परवा निघणाऱ्या बाईला आज आहार बदलायला सांगताय? उपाशी राहील तो.

सात्विक_संताप
मी जनरल सांगितलं.

मोकळं_आभाळ
पंख दिलेत ते पिंजऱ्यासाठी नाही. सोडून द्या, तुम्हीही मोकळ्या तोही मोकळा.

टोचणी
हातावर वाढलेला कॉकटेल दाणा शोधायला शिकलेला नसतो. त्याला सोडणं म्हणजे मारणं.

निवांत
नऊ दिवस म्हणजे कुंड्यांचं पण बघा. पाण्याची बाटली झाकणाला भोक पाडून मातीत उलटी खोचायची, माझी तुळस दहा दिवस टिकली.

उशिरा_उठणारी
कुंड्या नाहीयेत माझ्याकडे!! मोठा पिंजरा नेते मग. तिच्या मांजराने काही फरक पडत नाही ना? गरीब आहे बिचारं, दुसऱ्याच खोलीत असतं.

टोचणी
मांजर?? हे आत्ता सांगताय? त्याला दिसलं नसेल तरी चाहूल लागली असणार. मांजर गरीब असो की श्रीमंत, नुसता ओरखडा बसला तरी लाळेतले जंतू पक्ष्याला एकदोन दिवसांत संपवू शकतात. पिंगूला घरीच ठेवा, चावी तिला द्या.

जुना_खेळाडू
आमच्याकडे मांजर आणि पोपट एका ताटात जेवायचे.

सात्विक_संताप
पोपट आहे का अजून?

जुना_खेळाडू
तो विषय वेगळा.

टोचणी
ती दिवसातून दोनदा तरी यायला हवी, आणि आली की नुसती बसू दे, हात पुढे करायचा नाही. कॉकटेल अंधारात दचकून पिंजऱ्यावर आपटतात, एक बारीक दिवा रात्रभर राहू दे. तुमच्या घरी ती नॉनस्टिकवर काही करणार असेल तर आधीच नाही सांगा, तवा फार तापला की त्याची वाफ काही मिनिटांत पक्ष्याचा जीव घेते.

उशिरा_उठणारी
अपडेट. चावी दिली. वजन 92. ती संध्याकाळपासून सोफ्यावर पुस्तक घेऊन बसलीये, मी मुद्दाम दोन तास बाहेर जाऊन आले. पिंगू तिच्याकडे पाठ करूनच बसलाय, पण वाटीत फुंकर मारली तर टरफलं उडून माझ्या तोंडावर आली.

निवांत
कुंड्यांचं काय ठरलं मग?