न्यूयॉर्क, पहिल्यांदाच, सोबत आई : गुडघ्यांना झेपेल असा बेत सुचवा

गोदाकाठ :
नमस्कार मंडळी,
ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि आई अमेरिकेला निघालोय. जायचंय ओहायोत धाकट्या भावाकडे, पण त्याआधी शुक्रवारी संध्याकाळी जेएफके विमानतळावर उतरून मंगळवारी दुपारपर्यंत न्यूयॉर्कमध्ये थांबणार आहोत. भावाला तेव्हा सुट्टी नाही, त्यामुळे आम्ही दोघीच. दोघींचीही ही पहिलीच अमेरिकावारी.

आई ७२ वर्षांची आहे. उजव्या गुडघ्याचा सांधा बदललाय, डावा दुखरा. सपाट रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं चालते, मग कुठेतरी टेकावं लागतं. जिना कठड्याला धरून एकेक पायरी करत चढते, उतरताना जास्त त्रास होतो. आणि स्वभाव असा की दुखलं तरी सांगणार नाही. दिवसभर "मला काही होत नाही" म्हणेल आणि रात्री गुपचूप बाम चोळत बसेल. म्हणून बेतच असा आखायचाय की तिच्यावर सांगायची वेळ येऊ नये.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायची. हडसन नदीचं मुख आणि न्यूयॉर्कचं बंदर तिने खडूने फळ्यावर काढून कितीतरी वर्गांना शिकवलंय. तिला ते बंदर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंय. टाइम्स स्क्वेअर नाही बघितला तरी चालेल, असं तिनेच सांगितलंय. मला एखादं चांगलं संग्रहालय आणि सेंट्रल पार्क हवंय, बाकी हट्ट नाही.

राहायचं कुठे? विमानतळावरून कसं जायचं? सबवेत (तिथल्या भुयारी मेट्रोत) जिने फार आहेत असं वाचलं, मग फिरायचं कशाने? दोघी शाकाहारी आहोत, अंडंही नाही. बंदर बघायला कोणती बोट घ्यावी? वयस्कर आईवडिलांना घेऊन फिरलेल्यांचा अनुभव असेल तर तो आधी ऐकायला आवडेल.

क्वीन्सवासी :
गोदाकाठ, नमस्कार. मी इथे बरीच वर्षं राहतो आणि दर उन्हाळ्यात कुणा ना कुणाचे आईवडील आमच्याकडे असतात. सगळ्यांना पहिली गोष्ट सांगतो तीच तुम्हाला सांगतो : सबवेच्या मोहात पडू नका, बस धरा.

सबवे झटपट आहे, पण सगळ्या स्टेशनांत लिफ्ट नाही. जिथे आहे तिथे ती त्या दिवशी चालू असेलच असंही नाही. शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात आणि गाड्या भलत्याच मार्गाने जातात. बसचं तसं नाही. थांब्यावर आली की पुढची बाजू फुटपाथच्या बाजूला खाली झुकते, पायरी जेमतेम उरते. तेवढीही नको असेल तर चालक उताराची फळी टाकतो. मागायला लाजू नका, रोजच मागतात लोक. पुढच्या सीट्स वयस्करांसाठीच असतात. आणि खिडकीतून शहर दिसतं, जे सबवेत दिसत नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. मॅनहॅटनमध्ये ॲव्हेन्यू उभ्या आणि स्ट्रीट आडव्या. बहुतेक ॲव्हेन्यू एकमार्गी आहेत, त्यामुळे वर (उत्तरेला) जाणारी बस एका ॲव्हेन्यूवर आणि खाली (दक्षिणेला) येणारी शेजारच्या. दोन लागोपाठच्या रस्त्यांमधला टप्पा म्हणजे एक ब्लॉक. उत्तर-दक्षिण साधारण वीस ब्लॉक म्हणजे एक मैल. आईंसाठी चार-पाच ब्लॉकच्या वर चालणं असेल तर बस किंवा टॅक्सी. दोन ॲव्हेन्यूंमधलं अंतर मात्र जास्त असतं, नकाशावर ते फसवं दिसतं.

भाडं बस आणि सबवे दोन्हीला ३ डॉलर. जुनं मेट्रोकार्ड आता विकत नाहीत, 'ओम्नी' चालतं. म्हणजे टॅप होणारं बँकेचं कार्ड किंवा फोन यंत्राला लावायचा. दोन तासांत बस बदलली किंवा सबवेतून बसमध्ये आलात तर दुसऱ्यांदा पैसे कापत नाहीत, फक्त तेच कार्ड लावायचं. भारतातलं कार्ड असेल तर परदेशातला वापर आणि टॅप या दोन्ही सोयी निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये सुरू करा. दोघींनी वेगळी कार्डं वापरा. आईंचं कार्ड नसेल तर स्टेशनातल्या यंत्रातून त्यांना ओम्नी कार्ड घेऊन द्या.

विमानतळावरून पिवळी टॅक्सी. जेएफके ते मॅनहॅटन ठरलेलं भाडं ७० डॉलर. त्यावर शुक्रवार संध्याकाळचा गर्दीचा अधिभार, इतर बारीकसारीक कर, टोल लागला तर तो आणि टिप. सगळं धरून शंभरच्या आसपास मनात ठेवा. टर्मिनलमध्ये "टॅक्सी, मॅडम?" करत माणसं जवळ येतील, त्यांच्याकडे बघूही नका. बाहेर अधिकृत टॅक्सीची रांग असते, तिथूनच घ्या. सोळा तासांच्या प्रवासानंतर एअरट्रेन (विमानतळाची छोटी गाडी) आणि लोकलच्या चढउतारांत आईंना घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

अनुजा_जर्सी :
राहण्याबद्दल माझं मत : लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर २६ ते २९व्या स्ट्रीटच्या आसपास हॉटेल बघा. या भागाला 'करी हिल' म्हणतात. डोसा, थाळी, चाट, सगळं दोन-चार ब्लॉकमध्ये. आईंना रात्री वरण-भातासारखं काही हवं झालं तर टॅक्सी करायला नको. तिथेच 'कलुस्त्यान्स' हे १९४४ पासूनचं मसाल्यांचं दुकान आहे. चेस्टर आर्थर यांनी १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ याच इमारतीत घेतली, तेव्हा ते त्यांचं घर होतं. भूगोलाच्या बाईंना इतिहासही आवडेल ना!

हॉटेलचा दर बघताना कर आणि 'डेस्टिनेशन फी' (हॉटेल वेगळी लावतं ती जादा रक्कम) धरून शेवटचा आकडा बघा, तो बराच फुगतो. काही दिवसांसाठी अख्खा फ्लॅट भाड्याने देण्यावर २०२३ पासून इथे कडक निर्बंध आहेत, त्यामुळे स्वस्त फ्लॅटच्या जाहिरातीवर भरवसा टाकू नका.

बाहेर खाताना नुसतं 'व्हेज' म्हणून थांबू नका. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, सूपमध्ये चिकनचा अर्क नाही, असं एकेक विचारा. कुणी वाईट मानत नाही. रस्त्यावरच्या गाड्यांवर फलाफल-भात मिळतो, बेगल-क्रीम चीज आणि साध्या चीज पिझ्झाचा तुकडा कुठेही. बसून जेवलात तर टिप १८ ते २० टक्के. बिलात ती आधीच धरली आहे का ते वाचा. काउंटरवरून कॉफी घेताना पडद्यावर टिप विचारतात, तिथे नाही दिली तरी चालतं. किमतीच्या चिठ्ठीवर विक्रीकर नसतो, तो नंतर लागतो.

गोदाकाठ :
किती नेमकं सांगितलंत दोघांनी, मनापासून आभार. करी हिलचं पक्कं करते. आता बंदर. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीच्या बेटावर उतरावं की नुसती फेरी बरी? आणि सोमवारी तिथे काही सुट्टी आहे म्हणतात, सगळं बंद असतं का?

क्वीन्सवासी :
आईंना बंदर बघायचंय ना, मग स्टॅटन आयलंड फेरी. चकटफू, रात्रंदिवस चालते, एका बाजूचा प्रवास साधारण २५ मिनिटांचा. धक्क्यावर लिफ्ट आहे, बोटीवर बसायला भरपूर बाकं. तुमच्या हॉटेलपासून सेकंड ॲव्हेन्यूवर या (टॅक्सी नको असेल तर हळूहळू चालत), तिथून खाली जाणारी एम१५ बस पकडली की शेवटचा थांबा थेट फेरीच्या दारात.

जाताना उजव्या हाताला बसवा. आधी गव्हर्नर्स आयलंड डावीकडे मागे पडतं, मग उजवीकडे लिबर्टी आणि तिच्यामागे न्यू जर्सीचा किनारा. आईंना सांगा की समोर दूर जो झुलता पूल दिसतो तो व्हेराझॅनो-नॅरोजचा, १९६४ सालचा. त्या चिंचोळ्या खाडीतूनच अटलांटिकवरची जहाजं आत येतात. इतकं आडोशाचं आणि खोल पाणी, मागे हडसन, आणि १८२५ मध्ये एरी कालवा झाल्यावर थेट पंचमहासरोवरांपर्यंतचा जलमार्ग. हे शहर इथे का वाढलं ते त्या डेकवर उभं राहिलं की समजतं. पलीकडे गेल्यावर सगळ्यांना उतरावं लागतं, इमारतीतून फिरून परतीच्या बोटीत चढायचं. सकाळी आणि संध्याकाळी कामावर जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून शनिवारी दहा-अकराला जा.

बेटावर उतरायचं तर बॅटरी पार्कातून स्टॅच्यू सिटी क्रूझेसचीच बोट, दुसऱ्या कुणाची बेटाला लागत नाही. बाहेर जाकिटं घालून तिकिटं विकणारे उभे असतात, त्यांच्या नादी लागू नका. मुकुटापर्यंत लिफ्ट जात नाही, तिथला नाद आईंनी सोडलेला बरा. शिवाय आधी विमानतळासारखी तपासणी आणि रांग. सांध्यातल्या धातूमुळे तिथे वेळही जाऊ शकतो. माझ्या मते तुमच्यासाठी फेरी पुरेशी आहे.

सोमवारी कोलंबस डे. बँका आणि टपाल बंद, दुकानं-संग्रहालयं बहुतेक सुरू. पण फिफ्थ ॲव्हेन्यूवर मिरवणूक असते, तिथल्या बसचा मार्ग बदलतो. म्हणून मेट्रोपोलिटन म्युझियम रविवारी करा.

अनुजा_जर्सी :
मेटला (मेट्रोपोलिटन म्युझियमला) जाताना मॅडिसन ॲव्हेन्यूवरून वर जाणारी एम१, एम२, एम३ किंवा एम४ कोणतीही चालेल. ८२व्या स्ट्रीटला उतरून एक ब्लॉक पश्चिमेला. समोरच्या भव्य पायऱ्या चढू नका. फिफ्थवरच ८१व्या स्ट्रीटजवळ रस्त्याच्या पातळीवर दार आहे, तिथून आत जा आणि पहिलं काम म्हणजे व्हीलचेअर मागा, मोफत मिळते. आई नको म्हणतील. त्यांना सांगा की दालनं इतकी लांब आहेत की धडधाकट माणसंही थकतात. प्रौढांना ३० डॉलर, ज्येष्ठांना सवलत. चोळकाळातल्या कांस्यमूर्ती चुकवू नका. परतताना संग्रहालयासमोरूनच फिफ्थवरून खाली जाणारी बस मिळते.

सोमवारी सेंट्रल पार्क, दक्षिणेच्या टोकाकडून. ६२व्या स्ट्रीटच्या रेषेत, पश्चिमेच्या बाजूला अम्पायर रॉक नावाचा मोठा खडक आहे. त्यावर हिमनदीने ओरबाडलेल्या खाचा स्पष्ट दिसतात, हात फिरवला की जाणवतात. चढायची गरज नाही, पायथ्यापासूनही दिसतं. भूगोलाच्या बाईंना हे दाखवाच. जवळच बाकं आहेत. सायकलरिक्षावाले मिनिटाच्या दराने पैसे घेतात, बसायच्या आधी दर विचारा, नाहीतर पायीच बरं.

रेवदंडेकर :
वरच्या सगळ्याला +१. माझ्या आईवडिलांच्या वेळी शिकलेल्या दोन-तीन गोष्टी.

विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, तीही मोफत असते. जेएफकेला इमिग्रेशनची रांग लांबू शकते, आईंना उभं राहावं लागणार नाही आणि तुम्ही सोबत राहू शकता. ढकलणाऱ्याला पाच-दहा डॉलर द्यावेत, म्हणून सुटे जवळ ठेवा. हॉटेलचा आणि भावाचा पत्ता कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा, फोनच्या भरवशावर नको.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि ती हातातल्या बॅगेत. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, आपले ब्रँड इथे कुणाला कळत नाहीत. पॅरासिटामॉल इथे ॲसिटामिनोफेन या नावाने मिळतं. प्रवास विम्यात जुन्या दुखण्यांबद्दल काय लिहिलंय ते बारकाईने वाचा. खाऊ नेताना फळं, तांदूळ, बियाणं काही नको. चकल्या-लाडू नेताय तर फॉर्मवर किंवा अधिकाऱ्याने विचारल्यावर सरळ सांगा, लपवलं तरच दंड होतो.

आणि स्वच्छतागृह. सबवेत त्याचा भरवसा धरू नका. ब्रायंट पार्कातलं अगदी टापटीप आहे, शेजारच्या मोठ्या वाचनालयात आणि ग्रँड सेंट्रलमध्येही सोय आहे. दिसलं की जाऊन यायचं, ही सवय आईंना पहिल्या दिवसापासून लावा.

गोदाकाठ :
सगळं वहीत उतरवून घेतलंय. शेवटचा प्रश्न : आईला क्वीन्समधल्या फ्लशिंगच्या गणपतीचं दर्शन घ्यायचंय. तिथे बस नाही ना पुरत?

क्वीन्सवासी :
तिथे सबवेच घ्या, हा रस्ता लिफ्टचा आहे. २८व्या स्ट्रीटला लिफ्ट नाही, २३व्या स्ट्रीटच्या स्टेशनातून ६ नंबरची गाडी, ग्रँड सेंट्रलला बदलून ७ नंबरने शेवटच्या मेन स्ट्रीट स्टेशनपर्यंत. तिथून देऊळ टॅक्सीने जवळ आहे. देवळाच्या तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खाऊनच निघा. परतताना ७४व्या स्ट्रीटला उतरून जॅक्सन हाइट्सच्या देशी दुकानांत बाजार करायचा असेल तर गाडीवरचं चिन्ह बघा : गोलातला ७ तिथे थांबतो, तिरक्या चौकटीतला थांबत नाही. निघायच्या आधी एमटीएच्या (बस-सबवे चालवणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर चारही स्टेशनांच्या लिफ्ट चालू आहेत का ते बघा. एखादी बंद असेल तर त्या दिवशी सरळ टॅक्सी करा.