सळईऐवजी प्रीस्ट्रेसिंग स्ट्रँड: स्लॅबमध्ये चालेल का?

टेकू: पुलाच्या कामातून उरलेली १२.७ मिमीची सात तारांची प्रीस्ट्रेसिंग स्ट्रँड (काँक्रीट दाबाखाली आणायला ताणून वापरतात ती पिळलेली पोलादी दोरी) पडून असते. तिची तुटण्याची क्षमता १८६० मेगापास्कल, सळईची यील्ड (जिच्यापुढे ती कायमची लांबते ती मर्यादा) ५००. एका स्ट्रँडचं क्षेत्रफळ ९८.७ चौ. मिमी, म्हणजे यील्डला साधारण १६५ किलोन्यूटन. १० मिमीची सळई जेमतेम ३९ देते. चार सळयांच्या जागी एक स्ट्रँड न ताणता टाकली तर काय बिघडतं?

ओळंबा: बिघडतं ते रोजच्या भाराखाली. तेवढ्याच क्षेत्रफळात ताकद तिपटीहून जास्त असली तरी ताठरपणा तेवढाच आहे: सळईचा मॉड्युलस (ताठरपणाचं माप) २०० गिगापास्कल, स्ट्रँडचा १९५. १५० मिमी जाडीच्या स्लॅबमध्ये १० मिमीच्या सळया १५० मिमीवर आहेत असं धरा. मीटरला ५२४ चौ. मिमी स्टील. वापरात सळईत २८० मेगापास्कल येत असतील तर ती मीटरला १.४ मिमी लांबते. तुमच्या हिशेबाने, म्हणजे ताकद समान ठेवून, स्ट्रँड ६३० मिमीवर जाते, स्टील उरतं १५७, त्यात ९३५ मेगापास्कल येतात आणि ती मीटरला ४.८ मिमी लांबते. ही लांबी भेगांमधूनच बाहेर पडणार. स्लॅब पडणार नाही, पण झोळ येईल, भेगांतून पाणी शिरेल. शिवाय दोन स्ट्रँडच्या मधे सहाशे मिमी काँक्रीट उघडंच!

टेकू: मान्य. मग क्षेत्रफळ समान ठेवा, म्हणजे १८८ मिमीवर एक. आता लांबणं सारखंच. आणि न ताणलेली स्ट्रँड काही नवीन नाही. प्रीकास्ट गर्डरच्या टोकाला ती वाकवून डायफ्रॅममध्ये (गर्डर एकमेकांना जोडणाऱ्या आडव्या काँक्रीट भिंतीत) घेतातच.

थापी: घेतात, पण तिथे रुतलेल्या लांबीवरून ताण मोजून तो मर्यादित धरतात. स्ट्रँडला सळईसारखे रिब नाहीत. गुळगुळीत तारांचा पीळ काँक्रीटला कमी धरतो, म्हणून भेगा दूर दूर पडतात आणि प्रत्येक भेग जास्त उघडते. बीमवरच्या टॉप सळईसारखी जिथे लांबी कमी, तिथे ती सुटून येते. सळईच्या बेंडिंग टेबलावर नीट हूक होत नाही, सोडला की उलगडतो.

बांधताना तर आणखी त्रास. कॉइलमधून आलेल्या तुकड्यात बाक राहतो, बाइंडिंग वायर त्याला दाबून ठेवू शकत नाही. व्हायब्रेटर लागला की मधला भाग उसळतो आणि २० मिमीचं कव्हर (स्टीलवरचा काँक्रीटचा थर) कुठे पाच होतं, कुठे पन्नास. कॉइलची पट्टी डिस्पेन्सर पिंजऱ्याशिवाय (कॉइल आवरून धरणाऱ्या चौकटीशिवाय) कापली तर टोक चाबकासारखं सुटतं. माणूस जायबंदी होतो. गॅसने कापू नका, वेल्डिंगची अर्थिंगची वायर तिच्यावर लावू नका. थंड ओढलेल्या तारेला उष्णता लागली की ती त्या जागी नरम किंवा ठिसूळ होते.

ओळंबा: आगीतही तोच मुद्दा. ही तार साधारण ४०० अंशांच्या पुढे निम्मी ताकद गमावते, साधी सळई ५५० च्या पुढे. आणि उरलेला माल ग्रीस भरलेल्या प्लॅस्टिक आवरणातला असेल तर विषयच संपला. न ताणता ती काँक्रीटला धरतच नाही, आत नुसती सरकते. तीच जॅकने सुमारे १४० किलोन्यूटनला ताणून वेजने (पाचरीने) अडकवली, मीटरला ७ मिमीच्या आसपास लांबी मोजून घेतली, तर भेग पडण्याआधीच काँक्रीट दाबाखाली येतं. या स्टीलची ताकद वापरायची वाट तीच.

टेकू: ताणायचं तर अँकर, जॅक, टोकाच्या सळया, प्रशिक्षित माणूस, छोट्या स्लॅबला तो खर्च झेपत नाही. छताच्या स्लॅबचा आग्रह सोडतो. जमिनीवर टेकलेल्या फरशीत, आकुंचनाच्या भेगा आवरायला, समान क्षेत्रफळाने उघडी स्ट्रँड टाकायला माझी अजूनही हरकत नाही.

थापी: तिथे चालेल, पण गंजाचे खड्डे पडलेले तुकडे बाजूला काढून, अर्ध्या मीटरवर चेअर (स्टील उचलून धरणारे आधार) देऊन आणि कंट्रोल जॉइंट (भेग ठरल्या जागी पडावी म्हणून पाडायची खाच) वेळेत कापूनच.