प्रेत शाफ्टमध्ये, गुन्हा भलतीकडेच?

जुनाट वाचक:
ऑस्ट्रेलियातल्या आउटबॅकमधल्या, म्हणजे आतल्या ओसाड भागातल्या, खाणगावांवरच्या सात-आठ रहस्यकथा लागोपाठ वाचल्या. आता पुरे. दर वेळी तेच: शहरातून आलेला, घटस्फोट झालेला पोलीस, गावात एकच पब, सगळे तोंड शिवून बसलेले आणि शेवटी बंद शाफ्टमध्ये, म्हणजे खाणीत उतरायच्या उभ्या भुयारात, प्रेत.

माझ्या मते ही मंडळी चुकीच्या खड्ड्यात डोकावतात. पश्चिम ऑस्ट्रेलियातलं विटेनूम घ्या. तिथली निळ्या ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ साली बंद झाली. तोवर खाणीतला चुरा रस्त्यांवर आणि अंगणांत पसरला जायचा, पोरं त्यात खेळायची. त्या धुळीनं होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगांनी कामगार आणि रहिवासी मिळून दोन हजारांवर माणसं गेल्याचं सांगतात, त्यातली कित्येक खाण सोडून पंचवीस-तीस वर्षं झाल्यावर. २००७ साली सरकारनं त्याचा गाव म्हणून दर्जाच काढून घेतला. इथे इन्स्पेक्टर बेड्या कुणाला घालणार? म्हणून कुणी लिहीत नाही.

खटपट्या:
साफ असहमत. शाफ्टमधलं प्रेत कुणी घरबसल्या रचलेलं नाही. १९२६, पश्चिम ऑस्ट्रेलियातलं सोन्याच्या खाणींचं गाव कालगुर्ली. सोनंचोरी पकडणाऱ्या पथकातले दोन पोलीस, वॉल्श आणि पिटमन, गायब झाले. तुकडे करून जाळलेली प्रेतं सापडली कुठे? बंद शाफ्टमध्ये. दोघे मारेकरी फासावर गेले. आपल्याकडे विहीर असते, तिकडे शाफ्ट असतो, एवढंच!

आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कूबर पेडी गावाच्या पाट्या बघा. ओपल या रत्नासाठी पाडलेली भोकं उघडीच पडलेली, म्हणून पाटी सांगते: पळू नका, उलटं चालू नका. फोटो घ्यायला दोन पावलं मागे सरकलात की खाली. असं गाव आयतं मिळाल्यावर लेखकानं काय आरोग्य खात्याचा अहवाल लिहायचा?

सुमेधा_नाशिक:
खटपट्या, +१. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन भागातला किस्सा इथे हवाच. आर्थर अपफील्ड हा लेखक तेव्हा ससे अडवणाऱ्या कुंपणावर नोकरीला होता. प्रेत मागमूस न ठेवता नाहीसं कसं करावं, हे त्याला कादंबरीसाठी हवं होतं. १९२९ साली सोबत्यांशी बोलता बोलता युक्ती मिळाली: प्रेत जाळायचं, उरलेली हाडं कुटायची. सोनं शोधणारे दगड कुटायला वापरतात तो लोखंडी खलबत्ताही त्यात होता. ऐकणाऱ्यांत स्नोई रोल्स नावाचा इसम. पुढच्या काही महिन्यांत त्या भागातली तीन माणसं गायब!

राखेत एक लग्नाची अंगठी मिळाली. अंगठी अठरा कॅरेटची आणि तिचा सांधा जोडायला दिलेला डाग नऊ कॅरेटचा. सोनाराच्या दुकानातल्या एका चुकीनं न्यूझीलंडपर्यंतचा माग लागला. १९३२ साली रोल्सला फाशी झाली. साक्षीला खुद्द लेखक!

जुनाट वाचक:
अंगठी लाजवाब आहे, मानलं. पण रोल्स सापडला कशामुळे? मेलेल्याची पत्रं थांबली आणि कुणीतरी विचारपूस केली म्हणून. ज्यांची विचारपूस होत नाही त्यांचं काय? २०२० साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जूकन गॉर्ज या घळीतल्या गुहा लोहखनिजासाठी सुरुंगानं उडवल्या. तिथे ४६ हजार वर्षांपूर्वीपासून माणूस राहिल्याच्या खुणा होत्या. ज्यांची ती भूमी, ते मूळनिवासी नको म्हणत होते. कंपनीकडे रीतसर परवाना! रहस्यकथेला कायदा मोडलेलाच लागतो, ही तिची अडचण आहे.

पर्थचा पाहुणा:
दोन्ही पार्ट्यांनी जरा आजची खाणही बघा. मी दोन आठवडे साइटवर, एक आठवडा घरी. विमानानं जायचं, विमानानं यायचं. राहायला 'डोंगा', म्हणजे पत्र्याची खोली: पलंग, एसी, टीव्ही, संपलं. रोज शिफ्टआधी फुंकर मारून दारूची तपासणी. कपडे कितीही धुवा, लाल धूळ शिवणीत राहतेच. इथे पिढ्यान्‌पिढ्या गुपित जपणारं गाव कुठलं आणायचं? शेजारच्या खोलीतल्या माणसाचं आडनाव मला अजून माहीत नाही. मला भीती वाटते ती त्याची.

खटपट्या:
ही घ्या कादंबरी! लिहा की राव.

पर्थचा पाहुणा:
बारा तासांच्या शिफ्टनंतर? तुम्हीच लिहा.

सुमेधा_नाशिक:
जुनाट, तुमची अडचण एकानं सोडवली आहे. इव्हान सेनचा 'गोल्डस्टोन' (२०१६) हा सिनेमा. डिटेक्टिव्ह मूळनिवासी, दिग्दर्शकाची आईही मूळनिवासी. बेपत्ता मुलीचा शोध चालतो आणि खाण वाढवायला जमिनीवर सह्या कशा मिळवतात ते हळूहळू उघडं पडतं. एका माणसाचा तपास दार उघडतो, तुमचा मोठा गुन्हा त्या दारातून आत येतो. अपफील्डचा नायकही अर्धा मूळनिवासीच होता, पण त्याचं नाव काय, तर नेपोलियन बोनापार्ट! गोऱ्या लेखकाला गंमत वाटली असेल.

जुनाट वाचक:
बघतो. पण शेवटी त्यातही गोळीबारच ना?

सुमेधा_नाशिक:
आहे. 😅