मधेच तोडलं तर?
ऑफिसात प्रेझेंटेशन कसं द्यावं, या प्रश्नावर 'स्लाइड कमी ठेवा, वाचून दाखवू नका' हे बऱ्याच जणांनी लिहिलंय आणि ते बरोबरच आहे. पण साहेबांनी बोलणं मधेच तोडलं तर काय, हे कुणी काढलं नाही. आमच्या नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या कारखान्यात तर तिसऱ्या स्लाइडलाच फर्मान सुटतं, "ते रिजेक्शनचे (नापास मालाचे) आकडे दाखवा आधी!" मग बिचारा सादर करणारा बाणाचं बटण दाबत स्लाइड पळवत सुटतो.

पॉवरपॉइंटमध्ये शो चालू असतानाच स्लाइडचा नंबर टाइप करून एंटर मारलं की थेट तिथे जाता येतं. मी महत्त्वाचे नंबर चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवतो. चर्चा रंगली की कीबोर्डवरचं 'बी' दाबायचं, पडदा काळा होतो. परत दाबलं की स्लाइड हजर. मराठी मजकूर असेल तर पीडीएफही सोबत न्या, दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तो फॉन्ट असेलच असं नाही.