प्रतिसाद: किर्लोस्करवाडी आणि रामूअण्णा

"लक्ष्मणराव एकहाती उभे राहिले, घरच्यांचं ओझं घेतलं असतं तर वाडी झालीच नसती" असं किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव आणि त्यांनी वसवलेली किर्लोस्करवाडी यांबद्दल कुणीतरी लिहिलंय, ते काही पटलं नाही. मुळात कंपनीचं नावच 'किर्लोस्कर ब्रदर्स'. १८८८ साली बेळगावात सायकलचं दुकान टाकलं तेव्हापासून थोरले बंधू रामूअण्णा सोबत आहेत. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली. जागा कसली, निवडुंगाचं रान आणि त्यात नाग! लक्ष्मणराव यंत्रांत गुंतलेले. मग वसाहतीची आखणी आणि रोजचा कारभार पाहिला रामूअण्णांनी. आपल्याकडे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगराची गोष्ट चवीने सांगतात, या माणसाचं नाव मात्र तळटीपेत.

लक्ष्मणरावांच्या समाजसेवेबद्दल एक भर. वाडीत रात्रीच्या पहाऱ्यावर दोघे जण होते, दोघेही दरोड्यात शिक्षा झालेले. तिजोरी, माल, बायकापोरं, सगळं त्यांच्या भरवशावर, आणि पुढे ते वाडीतले खात्रीचे राखणदार म्हणूनच ओळखले गेले. देणगीची पाटी लावण्यापेक्षा हे कितीतरी अवघड. आजही पोलीस व्हेरिफिकेशनशिवाय सोसायटीत वॉचमन ठेवत नाहीत (आणि ठेवूही नये म्हणा). शिकण्यात गती नसलेली, शाळा सोडलेली पोरंही लक्ष्मणरावांनी हाताशी धरली. अनंतराव फळणीकर त्यातलेच, पुढे वाडीतले कल्पक इंजिनिअर झाले. याला सेवा म्हणा नाहीतर माणसं पारखण्याची नजर, माझं मत दुसऱ्याकडे झुकतं.