धसकटं वेचताना पोटऱ्यांत गोळे अन् मळमळ: मजुरांना पाण्यासोबत काय द्यावं?

दर्यापूर_वावर

वखरणी झाली, आता तुरी-पऱ्हाटीची (कपाशीची) धसकटं वेचणं चालू आहे. ८ बाया, २ गडी. वेळ सकाळी ७ ते दुपारी १. धुऱ्यावर (बांधावर) निंबाखाली २० लिटरचा एक जार ठेवतो, साधं पाणी.

तिसऱ्या दिवसापासून ११ वाजले की तक्रारी सुरू होतात. पोटऱ्यांत गोळे, डोकं ठणकणं, मळमळ. एकजण म्हणतो खिशात कांदा ठेवा, दुसरा म्हणतो ग्लुकोजची पुडी, तिसरा म्हणतो नुसतं पाणी भरपूर पाजा. घरात होईल असंच सांगा, पण मापासकट. किती, कधी, कशात. दोघांना बीपी आहे, एकीला शुगर. बोअरचं पाणी खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे खारट आहे, प्यायला नळाचं आणतो.

उपकेंद्र_नोंदवही

भाऊ, आधी पाण्याचा हिशोब करा. उन्हात मेहनतीच्या कामाला दर २० मिनिटांनी एक पेला, म्हणजे २०० ते २५० मिली, असं धरतात. तासाला ६०० ते ७५० मिली झालं. ६ तासांचे माणशी ४ लिटर, १० माणसांचे ४० लिटर. तुमचा जार २० चा. म्हणजे निम्मी तहान तिथेच अडली. उलट टोकही वाईट. तासाला दीड लिटरच्या वर कोणी नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि त्यातही डोकंदुखी-मळमळच होते. म्हणून "भरपूर पाजा" हा सल्ला अर्धवट आहे.

घामात पाण्यासोबत मीठ जातं. पोटरीत गोळा येतो तो बहुतेक वेळा दमलेला स्नायू आणि गेलेलं मीठ या दोन्हींमुळे. आता बघा, बाया सकाळी कोरा चहा पिऊन निघतात, शिदोरी सुटते ११ ला. म्हणजे चार तास घाम चालू आणि मीठ आत काहीच नाही. निघण्यापूर्वी अर्धी भाकर अन् ठेचा किंवा लोणचं पोटात गेलं तरी अर्धी तक्रार कमी होईल. ज्याचं जेवण वेळेवर आहे त्याला रोजच्या कामात जेवणातलं मीठ पुरतं. वेगळं पेय लागतं ते सलग तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला.

गोळा आला तर काम थांबवून सावलीत बसवा, पाय सरळ करा, पायाची बोटं नडगीकडे हळू ओढून अर्धा मिनिट धरा, सोडा, परत धरा. तेल चोळून काही बिघडत नाही, पण गोळा सुटतो तो ताणाने. मग मिठाचं ताक किंवा साखर-मिठाचं पाणी घोटाघोटाने. त्या माणसाला पुढचे काही तास वाकायचं काम देऊ नका. तासाभरात गोळा सुटला नाही तर दवाखाना.

साखर-मिठाच्या पाण्याचं माप: १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाट म्हणजे सुरीच्या पाठीने वरचा ढीग काढून टाकलेला. चुकतं ते इथेच, ढिगाच्या चमच्याने मीठ दुप्पट होतं आणि उलटी सुटते. चव घेऊन बघा, डोळ्यातल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून नवं करा. लिंबू पिळलं तर चालतं. २४ तासांनी उरलेलं फेकायचं.

ओआरएसची पुडी आशाताईकडे फुकट मिळते. पूर्ण पुडी पूर्ण १ लिटरमध्येच. अर्धी पुडी पेल्यात टाकायची नाही, पुडीत घटक एकसारखे मिसळलेले असतीलच असं नाही. दुकानातल्या गोड डब्या ही वेगळी गोष्ट आहे. ओआरएसच्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात "ओआरएस" लिहायला एफएसएसएआयने (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती उगाच नाही.

ज्वारीचं_पीठ

साखर-मिठाचं पाणी औषधासारखं वाटतं म्हणून बाया एक पेला पिऊन बाजूला ठेवतात. पन्हं अन् आंबील दिली तर मागून घेतात. पण लग्नातलं पन्हं नको, ते फार गोड. गोड जास्त झालं की पोटात बसून राहतं, मळमळ वाढते.

कामावरचं पन्हं, २ लिटर: कैऱ्या मध्यम ३. देठाकडची चकती कापून अर्धा तास पाण्यात ठेवा, चीक निघून जाऊ द्या, नाहीतर घसा खवखवतो. मग उकडा, किंवा चुलीच्या इंगळात साल काळी होईस्तोवर भाजा (भाजलेल्याची चव वेगळीच). गर एक वाटीभर निघतो. त्यात १०० ग्रॅम गूळ, १ सपाट चमचा मीठ, १ चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. गूळ खडा असेल तर गर गरम असतानाच कालवा.

चूक होते ती सकाळी सगळं पाणी घालून नेण्यात. ४४-४५ अंशात ११ पर्यंत वर फेस धरतो अन् आंबूस वास येतो. गर स्टीलच्या डब्यात घट्ट न्या, माठाचं पाणी धुऱ्यावरच घाला. अॅल्युमिनिअमच्या गंजात (पातेल्यात) किंवा कल्हई उडालेल्या पितळेत कैरी ठेवू नका, आंबट धातूला खातं.

आंबील, दीड लिटर: ज्वारीचं पीठ अर्धी वाटी, ताक एक वाटी, रात्री कालवून झाकून ठेवा. उन्हाळ्यात ६-७ तासांत आंबतं, जास्त ठेवलं तर कडवट होतं. सकाळी १ लिटर पाण्याला आधण आणा, त्यात पाऊण चमचा मीठ, जिरं, ठेचलेली लसणाची पाकळी. पीठ एका हाताने धारेसारखं सोडा, दुसऱ्या हाताने पळी थांबवू नका, थांबली की गाठी. १० मिनिटं मंद शिजवा. गार झाल्यावरच वरून आणखी एक वाटी ताक, गरमात टाकलं तर फाटतं. ही पिण्याइतकी पातळच हवी. ८ वाजता अन् ११ वाजता एकेक पेला.

ज्यांना पातळ आवडत नाही त्यांना ज्वारीच्या कण्या अन् ताक. रात्री भिजवून, पाचपट पाण्यात मऊ शिजवून, ताक-मीठ घालून. पाणी, मीठ, भूक तिन्ही एका वाडग्यात.

तिसरा_वखर

राजेहो, कांद्याचं मिटवून टाकू. खिशातला कांदा उष्णता ओढत नाही. तो सुकतो म्हणून लोकांना वाटतं त्याने ऊन पिलं. भाकरीसोबत खा, पाणी आहे त्यात, पण तेवढ्या भरवशावर कोणाला १ वाजेपर्यंत उन्हात ठेवू नका. ग्लुकोजच्या पुडीत साखरच असते, मीठ जवळपास नसतं. कोल्ड्रिंकच्या बाटलीत १०० मिलीला साधारण १०-११ ग्रॅम साखर, ती तहान भागवते असं फक्त वाटतं.

दोन गोष्टी राहिल्या, त्या माझ्या मते पन्ह्यापेक्षा मोठ्या आहेत.

एक, वेळ. मे मध्ये आपल्याकडे पावणेसहाच्या आसपास सूर्य उगवतो. ६ ते १०:३० करा, उरलेलं संध्याकाळी ५ नंतर. तेवढेच तास, तेवढीच मजुरी. ११ ते १ चे दोन तास सर्वात महागात पडतात.

दुसरं, अंगाला सवय. शरीराला उन्हात काम करायला शिकायला १ ते २ आठवडे लागतात. सवय झाली की घाम लवकर सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. म्हणून नवा माणूस पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम करेल असं धरा, रोज तेवढंच वाढवा. लग्नसराईत आठ-दहा दिवस गावाला जाऊन आलेली बाई म्हणजे पुन्हा नवीन. तुमच्या तक्रारी तिसऱ्या दिवशी सुरू झाल्या ना? पहिल्याच दिवशी सगळ्यांना पुरे ६ तास लावले असतील.

आणि एक विचारतो, रागावू नका. बाया पाणी मुद्दाम कमी पितात का? मोकळ्या वावरात लघवीला आडोसा नसतो, म्हणून घशाशी आलं तरी पेला नाकारतात. पऱ्हाटीच्या काड्या अन् दोन जुन्या साड्या, बांधाच्या कोपऱ्यात आडोसा उभा करा. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडतंय, फिकट असेल तर ठीक. हे बाईनेच बाईला सांगितलेलं बरं.

दर्यापूर_वावर

आडोशाचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच करतो. बाकी विचारायचं राहिलं. बीपीवाल्यांना मिठाचं चालेल का? शुगरवालीला पन्हं? आणि बोअरचं पाणी तसंही खारट आहे, तेच पाजलं तर मीठ वेगळं घालायची गरज?

उपकेंद्र_नोंदवही

बोअरचं नको. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या त्या पट्ट्यात, पाण्यात निरनिराळे क्षार असतात आणि त्यांचं प्रमाण एका विहिरीतून दुसरीत बदलतं. माप ठरवता येत नाही. ते हातपाय धुवायला, दुपट्टा ओला करायला ठेवा.

बीपीवाल्यांना रोजचं मिठाचं पेय देऊ नका. साधं पाणी, नेहमीचं जेवण, हलकं काम, सावलीत जास्त वेळ. त्यांच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी, ज्याला लोक पाण्याची गोळी म्हणतात, ती असेल तर उन्हात पाणी आणि मीठ आणखी जास्त जातं. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. चिठ्ठी घेऊन डॉक्टरला विचारायचं की उन्हाळ्यात मात्रा बदलायची का. जुलाब-उलट्या लागल्या तर मात्र त्यांनाही ओआरएस लागतंच. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्याला ४ लिटरचा हिशोबही लावू नका, पाणी किती प्यायचं ते डॉक्टर सांगेल.

शुगरवालीला पन्हं नको, गूळही साखरच. ताक, त्यात चिमटीभर मीठ आणि जिरं. तिच्या बाबतीत एक घोळ होतो. गोळी घेतली आणि न्याहारी चुकली तर साखर उतरते. तेव्हा थरथर, गार घाम, भोवळ, बरळणं, लोक म्हणतात ऊन लागलं. शुद्धीवर असेल तर लगेच ३-४ चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि मग भाकर. धुऱ्यावर साखरेची एक पुडी तिच्या नावाने ठेवा.

माठ_आणि_बारदाना

पाण्याच्या जाराबद्दल. प्लास्टिकचा जार १० वाजेपर्यंत कोमट होतो आणि कोमट पाणी कोणी दोन घोटांच्या वर पीत नाही. कोरा माठ आणा, पहिले दोन दिवस पाणी भरून ओतून टाका, मातीचा वास जातो. खाली ओली रेती, भोवती ओला बारदाना, निंबाच्या सावलीत जिकडून वारा येतो तिकडे ठेवा. माठ झिरपतो, ते पाणी हवेत उडतं, म्हणून आतलं गार. खाऱ्या पाण्याने छिद्रं बुजतात, बाहेर पांढरा थर धरतो आणि माठ गार करणं सोडतो. नारळाच्या शेंडीने घासून बघा, नाही सुधारला तर नवा घ्या. मिठाचं पाणी, पन्हं माठात कधीच ओतू नका, त्याच कारणाने.

ओल्या दुपट्ट्याचंही तेच गणित. मे मधली आपली हवा कोरडी असते म्हणून सुती दुपट्टा डोक्या-मानेवर ओला ठेवला की खरंच गार वाटतं, अर्ध्या तासात वाळतो, परत भिजवा. पॉलिस्टरचा उपयोग नाही. पण पहिला पाऊस पडून उमस झाली की हे चालत नाही, घामही वाळत नाही. पेरणीच्या वेळी पारा ३८ वर उतरला म्हणून ढिले पडू नका.

उपकेंद्र_नोंदवही

बरं केलंत आठवण दिली. घरगुती उपाय कुठे थांबतात तेही लिहून ठेवा भाऊ. माणूस बरळतोय, चालताना झोकांड्या जातात, झटका आला, अंग तव्यासारखं तापलंय. मग घाम असो की नसो, हा उष्माघात. तिथे पन्हं नाही, कांद्याचा रस नाही, तापाची गोळीही नाही, या तापावर ती चालत नाही. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणीसुद्धा घालू नका, श्वासनळीत जातं.

१०८ ला फोन एकाने करायचा, बाकीच्यांनी तोवर सावलीत आडवं करून वरचे कपडे सैल करायचे आणि अंगावर पाणी ओतत राहायचं. इथे बोअरचं खारं पाणी बिनधास्त वापरा. ओल्या कापडाच्या घड्या मानेला, काखेत, जांघेत. दोघांनी दुपट्ट्याने जोरात वारा घालायचा. गाडी येईस्तोवर थांबायचं नाही, गाडीतही ओला ठेवायचा. आधी गार करायचं, मग हलवायचं. बैलबंडीत घालून तीन किलोमीटर कोरडाच नेला तर तो वेळ वाया जातो.

दर्यापूर_वावर

मग उद्यासाठी असं ठरवतो: दोन माठ साध्या पाण्याचे, ५ लिटरच्या दोन कॅन पन्ह्या-ताकाच्या. १० लिटरला मीठ ५ सपाट चमचे, बरोबर?

ज्वारीचं_पीठ

बरोबर, पण आंबिलीत मीठ आधीच आहे, ती मोजून वजा करा. ताकाच्या कॅनवर खडूने "मीठ घातलं" लिहा. नाहीतर दुसरी येऊन चवीपुरतं म्हणून परत टाकते.